बालीच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरताना

तिकीट हातात आलं की पहिला गोंधळ नावाचा. त्यावर 'बाली' असं बहुधा नसतंच. असतं 'देनपसार', आणि सामानाच्या चिठ्ठीवर 'डीपीएस' ही तीन अक्षरं. आमच्या वहिनीने तर एजंटला फोन करून झापलंच होतं, "अहो, आम्हाला बालीला जायचंय, तुम्ही हे कुठलं गाव घातलंत?" देनपसार म्हणजे बालीची राजधानी. विमानतळ मात्र तिथेही नाही. राजधानीच्या दक्षिणेला साधारण १३ किलोमीटरवर, कुता आणि जिंबरन यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर तो वसलाय. अधिकृत नाव इ गुस्ती न्गुरा राय विमानतळ. न्गुरा राय हे डचांविरुद्ध लढलेले बालीचे सेनानी. २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा इथल्या लढाईत ते सहकाऱ्यांसह शेवटच्या माणसापर्यंत लढले आणि गेले, तेव्हा वय २९. तेव्हा गूगलवर देनपसार, डीपीएस, न्गुरा राय, बाली अशी चार नावं दिसली तरी घाबरू नका, विमानतळ एकच आहे. प्रवासी विमानांसाठी बेटावर दुसरा नाहीच.

हा विमानतळ फार मोठा नाही आणि अवघडही नाही. तरी दर फेरीत मला तिथे आपल्याकडची चार-दोन कुटुंबं रांगेबाहेर बसून मोबाइलवर फॉर्म भरताना दिसतात. मुलं कंटाळलेली, आजीला तहान लागलेली, आणि कर्ता पुरुष ओटीपीची वाट बघतोय. ती सगळी कामं घरी सोफ्यावर बसून होणारी असतात. म्हणून या लेखातला निम्मा भाग विमानात बसण्याच्या आधीचाच आहे.

तारीख ठरवताना: आधी पाडवा बघा

हे वाचून हसू येईल, पण बालीचं तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडा. बालीतले हिंदू शक संवत्सर पाळतात, आपलंच शालिवाहन शक. त्यांच्या नववर्षाचा दिवस म्हणजे न्येपी. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला आले. २०२५ मध्ये एका दिवसाचा फरक पडला, २९ आणि ३० मार्च. २०२६ मध्ये पुन्हा दोन्ही १९ मार्चला, शके १९४८. अधिक महिन्याचा हिशेब मात्र दोन्हीकडे वेगळा असल्याने कधी कधी महिनाभराची तफावत पडते. २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होता आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. म्हणजे पाडवा बघून अंदाज घ्यायचा, आणि न्येपीची नेमकी तारीख वेगळी तपासायची.

एवढं कशासाठी? तर त्या दिवशी विमानतळ बंद असतो. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चोवीस तास एकही विमान उतरत नाही की उडत नाही. आपण पाडव्याला गुढी उभारतो, श्रीखंड खातो, सोनं घ्यायला निघतो. तिथे नवीन वर्ष मौनाने सुरू होतं. चार गोष्टी वर्ज्य: अग्नी, कार्य, प्रवास आणि करमणूक. त्यांच्या शब्दांत पहिल्या दोन 'अमाती गेनी' आणि 'अमाती कार्य'. यातलं 'गेनी' म्हणजे अग्नीच, आणि 'कार्य' तर तुम्हाला सांगायला नको. रस्ते ओस पडतात, मोबाइलचं इंटरनेट बंद असतं, पर्यटकांनी हॉटेलच्या आवारातच राहायचं. ज्यांना हे अनुभवायचंय त्यांनी मुद्दाम जावं, रात्रीचं आकाश काय दिसतं! पण पाच दिवसांची सहल असेल आणि त्यातला एक असा गेला तर घरात महाभारत होईल. शिवाय न्येपीच्या अलीकडच्या-पलीकडच्या दिवशी विमानतळावर उसळलेली गर्दी असते ती वेगळीच.

दुसरं संकट पंचांगात सापडत नाही: ज्वालामुखी. नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीतल्याच अगुंग पर्वताने राख ओकली आणि विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला, हजारो प्रवासी अडकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये थेट दूर पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे बालीची विमानं रद्द झाली. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती काचेसारख्या खनिजांची बारीक भुकटी असते. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या पात्यांवर जाऊन बसते. त्यामुळे "आकाश तर स्वच्छ दिसतंय, मग उडवत का नाहीत?" असं काउंटरवरच्या मुलीवर ओरडून काही होत नाही. तुम्ही दोनच गोष्टी करायच्या. प्रवासविमा तिकिटाबरोबरच घ्यायचा, कारण स्फोटाची बातमी आल्यानंतर घेतलेल्या विम्यात त्या स्फोटाची भरपाई सहसा मिळत नाही. आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची परीक्षा किंवा ऑफिसचं ऑडिट ठेवायचं नाही, मध्ये एक दिवस मोकळा सोडायचा.

तिकीट

दिल्ली आणि बंगळुरूहून थेट विमानं सुरू झाली आहेत, पण महाराष्ट्रातले बरेच जण अजूनही सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकमार्गे जातात. यात एकच गोष्ट नीट बघा: दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना? एकाच तिकिटावर असतील तर मुंबईत दिलेली बॅग साधारणपणे थेट बालीत मिळते. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत तर मधल्या गावी इमिग्रेशन ओलांडून बॅग घ्यायची आणि पुन्हा चेक-इन करायचं, अशी वेळ येऊ शकते. सिंगापूरला तसं बाहेर पडायचं तर भारतीयांना व्हिसा लागतो. वाचवलेले चार हजार तिथेच जातात, वर मनस्ताप.

सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांसाठी एक खास आपल्या स्वयंपाकघरातली सूचना: खसखस नेऊ नका. तिथे ती अमली पदार्थांच्या नियमांत येते. अनारसे नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. च्युइंगगम आणि ई-सिगारेटही तिथे चालत नाही.

घरी करायची तीन कामं

आधी पासपोर्ट हातात घेऊन तारीख बघा. बालीत उतरायच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने तो वैध हवा. पाच महिने एकोणतीस दिवस चालत नाही. मुंबईच्या काउंटरवरच घरी पाठवतात. परतीचं तिकीट छापून ठेवा.

पहिलं काम व्हिसा. तुमचे एखादे काका नक्की म्हणतील, "अरे, बालीला काही व्हिसाबिसा लागत नाही, आम्ही असेच गेलो होतो." ते खोटं बोलत नाहीत. आधी काही वर्षं भारतीयांना व्हिसामाफी होतीच, पण मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात ती थांबवली. आता 'व्हिसा ऑन अरायव्हल' घ्यावा लागतो. शुल्क तिथल्या चलनात ५ लाख रुपिया. आकडा बघून छातीत धस्स होतं, पण आपल्या पैशांत ते अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपास. हा व्हिसा ३० दिवसांचा, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येक पासपोर्टला वेगळा. तो तिथे पोचल्यावर काउंटरवरही मिळतो, पण घरबसल्या ऑनलाइन काढला तर एक अख्खी रांग वाचते.

ऑनलाइन काढताना सरकारी संकेतस्थळावरच जा. पत्त्याचा शेवट 'गो डॉट आयडी' असा असतो, तो बघूनच पुढे जा. शोधल्यावर सगळ्यात वर ज्या जाहिराती येतात त्या बऱ्याचदा दलालांच्या असतात. दिसायला हुबेहूब सरकारी, आणि शुल्क दुपटीच्या वर. माझ्या मावसबहिणीने तसेच पैसे घालवले. व्हिसा मिळाला खरा, पण दुप्पट पैसे मोजून.

माझी स्वतःची चूक वेगळीच होती. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा कप्पा वेगळा असतो, आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर ते आपल्या नावाच्याच कप्प्यात येतं. मी घाईत मधलं नाव गाळलं. तिथला अधिकारी पासपोर्ट आणि पडदा आलटून पालटून बघत राहिला, मागे रांग वाढत गेली आणि सासूबाई मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काय म्हणतोय गं तो?" तेव्हा पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच भरा. छायाचित्र अपलोड करायचं ते पासपोर्टच्या पानाचं सरळ, चमक न पडलेलं घ्या. रात्रीच्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो हमखास परत येतो.

दुसरं काम आगमनाचा फॉर्म. पूर्वी कस्टम्सचा वेगळा, आरोग्याचा वेगळा असे फॉर्म भरावे लागत. २०२५ च्या उत्तरार्धापासून हे सगळं 'ऑल इंडोनेशिया' नावाच्या एकाच फॉर्ममध्ये आलंय. फुकट असतो. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, त्याआधी नाही. शेवटी क्यूआर कोड मिळतो. पहिल्या हॉटेलचा पूर्ण पत्ता आणि विमानाचा क्रमांक जवळ ठेवून बसा. मधल्या गावी विमान बदलत असाल तर क्रमांक बालीत उतरणाऱ्या विमानाचा.

तिसरं काम बेटाचा कर. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत परदेशी पर्यटकांकडून माणशी दीड लाख रुपिया घेतो, म्हणजे आपले आठशे रुपये वगैरे. 'लव्ह बाली' या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरता येतो. हा व्हिसाशुल्कात येत नाही, वेगळा आहे. तपासणी सगळ्यांची होतेच असं नाही आणि म्हणून "कोण बघतंय!" म्हणणारेही भेटतील. २०२४ मध्ये ६३ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे त्या बेटावर आले, आणि ऑस्ट्रेलियाखालोखाल आपणच होतो. तिथला कचरा, तिथलं पाणी आपल्याही अंगावर आहे. भरा आणि मोकळे व्हा.

तिन्हींचे क्यूआर कोड आणि पावत्या मोबाइलमध्ये तर ठेवाच, शिवाय प्रत्येकाचा एक कागद छापून घ्या. ऐन वेळी बॅटरी उतरते, स्क्रीन तडकते, फोन मुलाच्या हातात गेम खेळत असतो. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये माणशी एक कप्पा असतो. घरातले मला हसतात आणि रांगेत माझ्याच मागे उभे राहतात.

बॅगेत काय नको

अमली पदार्थांबाबत इंडोनेशियाचे कायदे अतिशय कडक आहेत, थेट मृत्युदंडापर्यंत. त्यामुळे अनोळखी माणसाची पिशवी "जरा धरा" म्हणून हातात घेऊ नका. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीशिवाय नकोच. गोळ्या डबीत सुट्या करून ठेवायची आपल्या आजी-आजोबांची सवय इथे अंगाशी येऊ शकते.

खाण्याचं म्हणाल तर पाकीटबंद चिवडा, लाडू, खाकरा यांची मला कधी अडचण आली नाही. ताजी फळं, बियाणं, मांस मात्र टाळा. मे महिन्यात हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, पण फळं-बियाणं तपासणारा तिथला विलगीकरण (क्वारंटाइन) विभाग त्याकडे आपल्या प्रेमाने बघत नाही. दारू माणशी एक लिटर, सिगारेटी दोनशे.

विमान उतरताना आणि उतरल्यावर

खिडकीजवळची जागा मिळाली तर शेवटची दहा मिनिटं झोपू नका. एकच धावपट्टी, ३,००० मीटर लांब, आणि तिची दोन्ही टोकं समुद्राला भिडलेली. पश्चिमेचं टोक तर भराव घालून हिंदी महासागरात पुढे नेलंय. विमान पूर्वेकडून आलं तर खाली बेनोआची खाडी, तिवरांची हिरवी दाटी आणि पाण्यावरून गेलेला लांबलचक टोल रस्ता. चाकं टेकण्याच्या क्षणापर्यंत खाली पाणीच दिसतं. पहिल्यांदा जाणारे दचकतात, तर आधीच सांगून ठेवते. आणि धावपट्टी एकच असल्याने संध्याकाळच्या गर्दीत विमान वर घिरट्या घालू शकतं, हेही.

घड्याळ अडीच तास पुढे करा.

आत गेल्यावर पाट्या इंग्रजीतही आहेत, पण इंडोनेशियन पाट्या वाचायला जास्त मजा येते. विमानतळाला ते म्हणतात 'बंदर उदारा'. उदारा म्हणजे हवा, हवेचं बंदर! तेच आपलं ससून डॉकच्या बाजूचं बंदर. स्वच्छतागृहावर पुरुषांसाठी 'प्रिया' आणि बायकांसाठी 'वनिता' लिहिलेलं असतं. माझा मुलगा 'प्रिया' वाचून बाहेरच थांबला, म्हणाला हे मुलींचं आहे. 'केदातांगान' म्हणजे आगमन, 'केबरांगकातान' म्हणजे प्रस्थान, 'केलुआर' म्हणजे बाहेर. एवढं पुरतं.

क्रम असा. ऑनलाइन व्हिसा काढला नसेल तर आधी व्हिसाचा काउंटर, मग इमिग्रेशन. काढला असेल तर थेट इमिग्रेशन. स्वयंचलित दारं बसवलेली आहेत, चिपवाला नवा ई-पासपोर्ट असेल तर तिकडे विचारून बघा. जुना असेल तर मुकाट्याने माणसं बसलेल्या काउंटरच्या रांगेत जा. कर्मचारी ज्या रांगेत पाठवतील तिथे जाणं सगळ्यात जलद. या भागात फोटो काढायचे नाहीत. रील नंतर करा. शिक्का मारून मिळाला असेल तर तारीख तिथेच वाचून बघा. ३० दिवस मोजताना उतरलेला दिवस पहिला धरतात. जास्त राहिलात तर दर दिवसाला १० लाख रुपिया दंड, आणि त्यात घासाघीस नाही.

मग बॅगा. मग कस्टम्स, तिथे दुसऱ्या कामातला क्यूआर कोड दाखवायचा. ढकलगाड्या फुकट आहेत. गणवेशातला हमाल बॅगेला हात लावायच्या आत पैसे विचारा, नको असेल तर हसून 'तिदाक, तेरिमा कासी' म्हणा, म्हणजे 'नको, धन्यवाद'.

आणि खाली बघून चाला. काउंटरच्या कडेला, दाराजवळ, कधी जमिनीवरच नारळाच्या पानाची तळहाताएवढी चौकोनी टोपली दिसेल. तीत तीन-चार रंगांची फुलं, शिताएवढा भात, एखादं बिस्किट, आणि वर जळत असलेली उदबत्ती. हे 'चानांग सारी', रोजचा नैवेद्य. पहिल्यांदा मी पाहिला तो गाड्यांच्या काउंटरशेजारी. तिथे बसलेल्या बाईने फोन खांद्यात धरून एका हाताने टोपली ठेवली, पाणी शिंपडलं, तीन वेळा हात फिरवला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. आपल्याकडे दुकान उघडताना गल्ल्याला उदबत्ती ओवाळतात, अगदी तसं. बॅगेची चाकं त्यावरून जाऊ देऊ नका.

पैसे आणि फोन

रुपिया हा रुपयाचाच भाऊ, फक्त शून्यांचं अजीर्ण झालेला. हिशेबाची सोपी रीत: शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला सव्वापाचाने गुणा. ५०,००० रुपिया म्हणजे पन्नास गुणिले सव्वापाच, अडीचशेहून थोडे जास्त. दर बदलतो, पण रस्त्यावर एवढं पुरतं. एक लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी. पहिल्या दिवशी थकलेल्या डोळ्यांनी दहा हजार आणि एक लाख यांत चूक होते, म्हणून देताना शून्यं मोठ्याने मोजा. लाज वाटायचं कारण नाही.

भारतीय रुपये नेऊन तिथे बदलण्यात तोटा होतो. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या किंवा एटीएममधून काढा. यंत्राने 'आम्हीच रुपयांत बदलून देऊ का' असं विचारलं तर नाही म्हणा, त्यांचा दर नेहमी महाग पडतो. विमानतळावर गाडीभाडं आणि पहिलं जेवण निघेल एवढेच बदला. गावात दर बरा मिळतो, पण गल्लीतल्या टपरीवर 'सगळ्यात जास्त दर' अशी पाटी दिसली तर पुढे चला. तिथे मोजताना बोटांखालून नोटा गायब करण्याची कला आहे. शेवटी पैसे तुम्ही मोजा, आणि तुम्ही मोजल्यावर ते पुन्हा त्यांच्या हातात देऊ नका.

सिमकार्ड विमानतळावर मिळतं, बाहेरपेक्षा महाग. ई-सिम चालणारा फोन असेल तर घरूनच घेऊन जा. पण भारतीय सिम काढून पर्समध्ये टाकू नका! बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार. निदान एसएमएस येतील एवढं रोमिंग चालू ठेवा आणि परदेशात कार्ड वापरण्याची परवानगी बँकेच्या ॲपमध्ये निघण्याआधीच चालू करा.

दाराबाहेर

दार उघडलं की दमट हवा अंगावर येते, तीत लवंगेच्या सिगारेटचा वास मिसळलेला असतो, आणि समोर नावांच्या पाट्यांची भिंत. गाडी हॉटेलने पाठवली असेल तर आपलं नाव शोधत शांतपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. आडनावाची मोडतोड झालेली असेल, आमचं तर दोनदा ओळखूच आलं नाही. चालकाचा व्हॉट्सॲप क्रमांक आणि गाडीचा नंबर आधी मागवून ठेवणं बरं.

गाडी ठरवलेली नसेल तर तीन मार्ग. विमानतळाचा अधिकृत टॅक्सी काउंटर: ठिकाणानुसार ठरलेला दर, पावती घ्या, घासाघीस नको. दुसरा, ॲपवरची गाडी: स्वस्त, पण ती ठरावीक जागेवरूनच सुटते, तिथवर सामान ओढत जावं लागतं. तिसरा, बाजूने येऊन "टॅक्सी, सर? टॅक्सी, मॅडम?" म्हणणारे. रात्री दीड वाजता लेकरं पेंगत असताना तिसऱ्याच्या नादी लागू नका. लागलातच, तर भाडं माणशी की गाडीचं, टोल आणि पार्किंग धरून की सोडून, हे आधी बोलून घ्या. सार्वजनिक बसच्या भरवशावर पहिल्या दिवशी राहू नका.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. कुता पंधरा-वीस मिनिटं. सानुर आणि नुसा दुआ अर्धा तास धरा. सेमिन्याक नकाशावर दहा किलोमीटर दिसतं, पण संध्याकाळी तास सहज लागतो. चांगगू त्याहून पुढे. उबुद साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर, दीड तास, कधी दोन. माझं मत विचाराल तर विमान रात्री दहानंतर उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा, उबुदचा रस्ता सकाळी बघण्यासारखा आहे. उबुदच्या आणि इतर काही गावांत ॲपच्या गाड्यांना स्थानिक चालकांचा विरोध असतो, तशा पाट्याही दिसतात. तिकडून परतीची गाडी हॉटेललाच सांगा.

विमानतळाच्या आवारातून बाहेर पडताना तुबानच्या चौकात गाडी थोडी हळू करायला सांगा. तिथे एक भलंमोठं शिल्प आहे: रथ, उधळलेले घोडे, आणि आकाशातून झेपावणारा घटोत्कच, समोर कर्ण. आपल्याकडे घटोत्कच म्हटलं की राक्षस आठवतो. इंडोनेशियात तो उडणारा वीर आहे, पोरांचा लाडका. १९९५ मध्ये त्या देशाने स्वतः बांधलेलं एन-२५० विमान उडवलं, तेव्हा त्याच्या पहिल्या नमुन्याचं नाव 'गातोतकाचा' ठेवलं होतं. विमानतळाच्या दारात यापेक्षा योग्य माणूस कोण उभा करणार? सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले. चालकाने आरशातून ते पाहिलं आणि पुढचा अर्धा तास दोघांचं महाभारतावर बोलणं चाललं होतं, एकाची भाषा दुसऱ्याला येत नसताना.

परत निघताना

परतीच्या प्रवासात सगळ्यात जास्त फसगत तारखेची होते. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असेल तर विमान १४ च्या रात्री, बारा वाजून चाळीस मिनिटांनी. १५ ला दिवसभर फिरून रात्री निघायचा बेत आम्हीही आखला होता. १४ ला दुपारी हॉटेलच्या माणसाने सहज विचारलं, "आज रात्री गाडी किती वाजता?" म्हणून वाचलो. ओल्या टॉवेलांसकट बॅगा भरल्या.

उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर पोचायचं, आणि उबुद किंवा चांगगूहून निघत असाल तर त्यात रस्त्याचे अडीच तास मिळवायचे. रस्त्यात एखाद्या गावची मिरवणूक लागली तर सगळी वाहतूक थांबते आणि हॉर्न वाजवायचा नसतो. प्रस्थान वरच्या मजल्यावर. आत शिरतानाच सामान यंत्रातून जातं, पासपोर्ट आणि तिकीट हातात ठेवा. विमानतळाचं प्रवासीशुल्क तिकिटातच धरलेलं असतं, वेगळं कोणी मागितलं तर देऊ नका.

समुद्रावरून उचललेले शंख आणि पोवळ्यांचे तुकडे बॅगेत भरू नका, ते काढून घेतले जाऊ शकतात. मुलांना हे किनाऱ्यावरच सांगा, विमानतळावर सांगितलं तर रडारड होते. लाकडी मुखवटे चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आणि सांबालची बरणी! तिथला मिरची-लसणाचा तो ठेचा म्हणजे आपल्या खर्ड्याचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे प्रत्येक मराठी बाई एक तरी बरणी घेतेच. पण सुरक्षा तपासणीत तो द्रवात मोजतात, शंभर मिलिलिटरची मर्यादा लागते. वहिनीची पाव किलोची बरणी केबिन बॅगेत होती. "हे पाणी नाही, चटणी आहे," असं तिने तीन भाषांत सांगून पाहिलं. तपासणीच्या मुलीने बरणी उघडून वास घेतला, मान डोलावली, आणि टोपलीत टाकली.